भरपाईची टोपली

"सांगतो, पण पटणार नाई कोणाले," असं मी आधीच म्हणून ठेवलं. खरं सांगताना माझी ही नेहमीची सवय आहे. खोटं सांगितलं की लोक आपसूक मान हलवतात. जामीन खऱ्यालाच लागतो.

विषय निघाला लुनावरून. हिंगणीला आमच्या अंगणात हळदीचा मांडव पडला होता. मे महिन्याचं ऊन कापडातून गळत होतं, आणि मांडवाच्या मधोमध, जिथं शहाण्या घरी कूलर ठेवतात, तिथं एक जुनी निळी लुना उभी होती. हँडलला झेंडूचा हार, दिव्याला कुंकू. नवरदेवाचे काका प्रभाकरराव सिंदी मेघेहून उष्टी हळद घेऊन आले होते. त्यांनी लुनाभोवती दोन चकरा मारल्या.

"बापूराव, हे काऊन मांडवात?"

समोर पाटावर माझी नात आचल बसली होती. बायका तिच्या दंडाला हळद चोळत होत्या, म्हणजे तिला उठून पळता येणार नव्हतं. गोष्ट तिचीच होती. असा मोका सोडतो कोण?

तर मी सांगितलं ते असं.

लुना वच्छलाची. वच्छला म्हणजे माझी सून, आचलची माय. पोरगा वावरात आणि सून बाजारात, अशी आमच्या घरची वाटणी. वीस वर्षं वच्छलानं मागं वांग्याचं पोतं, पुढं सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि मध्ये स्वतःला बसवून सेलूचा बाजार केला. अंधारात निघायची. एकदा मी मागून सायकलवर असताना बोरच्या जंगलाकडून बिबट आडवा आला. वच्छलानं हॉर्न दिला. बिबट्यानं लुनाकडे पाहिलं, मागच्या पोत्याकडे पाहिलं, आणि बाजूला सरून उभा राहिला.

"मागच्या साली तं वाघ सांगतला होता," शेजारचा रूपराव म्हणाला.

"वाघच होता. पाहुणे शहराजवळचे, भ्यायले नको म्हणून बिबट केला."

"अन् तुमाले अंधारात दिसला?" प्रभाकररावांनी विचारलं.

"प्रभाकरराव, वर्ध्याचे भाजीचे भाव रोज पहाटे आचलच्या फोनवर येतात. तिकडं घरचे सारे वावरात जातात, इकडं मी भाव वाचतो. आठ वाजेपर्यंत फोन माह्याच हातात राह्यते. चष्मा नाई, काई नाई. मले वाघ नाई दिसन?"

मी पुढे गेलो.

मग वच्छलाचे गुडघे दुखायला लागले, आचलनं नवीन स्कूटर घेतली आणि लुना गोठ्यात गेली. दिवाळी आटोपल्यावर वच्छलाच म्हणाली, "विकून टाक वं आचल. जागा अडवून राह्यली." आचलनं फोटो काढला आणि जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तसल्या एका ठिकाणी फोनवर टाकून दिला. दोन दिवसांत बावीस जणांचे निरोप आले. बावीसही जणांनी एकच विचारलं, लास्ट किती. तेविसावा सिंदी मेघेचा होता, नाव नीलेश. त्यानं लिहिलं होतं, "गाडी कोणाची आहे? विकताना त्यांना वाईट तर वाटणार नाही ना? नसेल तर सांगितलेल्या किमतीत मला द्याल का?"

आता त्या बाजारात एक सोय असते. निरोपाखाली तयार उत्तरं लटकलेली असतात. हो, पक्कं. नाही. नंतर सांगतो. बोट लागलं की उत्तर गेलं. गुरुवारची सकाळ होती, सात वाजून दहा मिनिटं. आचल वांगी निवडत होती. हात ओला, बोटात काटा, आणि त्या बोटानं फोन उघडायला गेली... "हो, पक्कं" निघून गेलं. तिला पत्तासुद्धा नाही.

संध्याकाळी ती गोठ्यात गेली तर वच्छला लुनावर बसलेली. गाडी स्टँडवर. वच्छला दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू पायडल मारत होती, मागचं चाक हवेत फिरत होतं, आणि गाडी कुठंच जात नव्हती. रडत वगैरे नव्हती ती. मधेच हॉर्नचं बटण दाबून पाहत होती, हलकंच, म्हशी बुजू नयेत म्हणून.

आचल उलट्या पावली माझ्याकडे आली. "आबा, लुना विकाची नाई."

"नको विकू."

मग तिनं फोन उघडला आणि बराच वेळ पाहत राहिली. "हे कवा गेलं?"

"ओला हात लागला असन," मी म्हटलं.

आता पंचाईत. आमच्या घरचा नेम असा की गिऱ्हाइकाला हो म्हटलं म्हणजे हो. दुपारी भाव दुप्पट झाला तरी माल सकाळच्याच भावानं जाणार. नीलेशचं उत्तरही येऊन पडलं होतं : रविवारी येतो.

"आबा, गिऱ्हाईकच नाई म्हणालं तं?"

"तं आपला शब्द शाबूत."

ती हसली नाही, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी शिजायला लागलं.

रविवारी तो आला. उंच, सडपातळ, रस्त्याच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. हातात दोरी आणि बाटलीत पेट्रोल. गाडी चालो न चालो, नेणारच, अशा तयारीनं आलेला माणूस. मी खाटेवर पडून झोपेचं सोंग घेतलं. सोंग माझं चांगलं असतं, घोरतोसुद्धा.

आचलनं लुना अंगणात काढली आणि सुरू केलं. "पाहून घ्या. मंग म्हणू नका सांगतलं नाई. हिचा ब्रेक नाई लागत."

त्यानं गाडी ढकलून ब्रेक दाबला. "लागते तं."

"आज लागला. पाहुणा पाहून."

"मंग मी रोज पाहुण्यासारखा बसत जाईन."

आचलनं दुसरं काढलं. "डावीकडं ओढते."

"माह्या बाबाची पण ओढे. डाव्या हाताले चहाची टपरी होती."

"चढावर उतरून ढकला लागते."

"दोघं असले तं जड नाई जात," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून दोरीची गाठ सोडायला लागला. दोरीला गाठ नव्हती.

जन्मभर भाजी विकली आम्ही. किडकं वांगं वर ठेवून कोणी विकत नाही. आपलाच माल असा जीव तोडून वाईट म्हणणारी दुकानदारीण मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि दर वाईट शब्दाला गिऱ्हाइकाचा चेहरा जास्तच फुलत होता. घोरायचं राहून गेलं माझं.

"एवढी खराब आहे तं नका घेऊ ना," आचल शेवटी म्हणाली.

"अशीच पायजे होती," नीलेश म्हणाला. त्याचं बोलणं आता सावकाश झालं होतं. त्याचे वडील मधुकरराव, सिंदी मेघेत किराणा दुकान. अशाच लुनावर साखरेची पोती आणून त्यांनी दुकान उभं केलं. नीलेशच्या कॉलेजच्या वर्षी लुना विकली. "म्हणाले, जुनी झाली. जुनी नव्हती झाली... पुढच्या महिन्यात साठ वर्षांचे होतात. त्याईले सांगतलं नाई मी अजून."

आता आचल कोणता दोष सांगणार? खोटं बोलायलासुद्धा समोरचा थोडा लबाड लागतो.

तेवढ्यात वच्छला गूळपाणी घेऊन बाहेर आली. पाहुण्याला दिलं. मग पदराचं टोक घेऊन लुनाची सीट पुसली, मागचं कॅरिअर पुसलं, दिव्याची काच पुसली. पोरीला सासरी धाडताना केस नीट करावेत तशी.

नीलेश गूळ हातात धरून पाहत होता. "काकू, गाडी तुमची आहे?"

"होती," वच्छला म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली.

मग नीलेशनं पेट्रोलची बाटली पिशवीत ठेवली, दोरी गुंडाळली.

"मले नाई घ्यायची."

"काऊन?" आचलच्या तोंडून निघून गेलं.

"डावीकडं ओढते ना," तो म्हणाला.

तेव्हा आचलनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मी ते पाहिलं. चष्म्याशिवाय.

पोरगा फाटकाकडे निघाला. आता मी उठलो नसतो तर आज हा मांडव नसता. उठून बसलो आणि म्हटलं, "थांबा. असा सौदा नाई मोडत. मोडला तं भरपाई लागते."

"मोडला तं त्याईनं," आचल म्हणाली.

"मोडायले तू लावला. ब्रेक नाई लागत कोण म्हणे? आमचा रिवाज आहे पाहुणे, सौदा मोडला तं दर गुरुवारी भाजीची एक टोपली गिऱ्हाइकाच्या दारात. ते 'पुरे' म्हणत नाई तोवर."

इथं प्रभाकररावांनी मला अडवलं. "असा रिवाज आम्ही कुठं ऐकला नाई बाप्पा."

"तुमी व्यापारी. तुमच्यात सौदा मोडला तं वकील लागते. आमच्यात वांगे लागतात."

रूपरावानं पानाची पिंक टाकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. त्यानंही तो रिवाज ऐकला नव्हता. मीही त्याच दिवशी ऐकला होता.

पहिल्या गुरुवारी आचल आपल्या स्कूटरवर गेली, टोपली ठेवली, तिथं दहा मिनिटंही न थांबता परत. दुसऱ्या गुरुवारी तिनं स्कूटर काढली, मग तशीच आत लावली आणि गोठ्यातून लुना काढली. वच्छलानं कुठं चाललीस म्हणून विचारलं नाही. फक्त चाकातली हवा दाबून पाहिली.

मधुकररावांना म्हणे गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. वजनाचं माप हातात तसंच धरून ते दुकानाबाहेर आले. आचल उतरली, टोपली काढली आणि म्हणाली, "काका, एक चक्कर मारून पाहता काय?" साठीला टेकलेला माणूस, धोतर खोचून पायडल मारत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, हॉर्न वाजवत परत आला. उतरून म्हणाला, "मस्त आहे. सरळ चालते पोरी, जरासुद्धा ओढत नाई."

आचल सांभाराच्या जुड्या मोजायला लागली. पाचच होत्या, पण तिनं बराच वेळ मोजल्या.

"मले माहीत होतं," नीलेश तिच्या कानाशी म्हणाला.

"कवापासून?"

"पहिल्याच दिवशी. मी ढकलून पाहिली होती ना."

असे गुरुवार सुरू झाले. मेथी गेली, वालाच्या शेंगा गेल्या, हिवाळ्यातली वांगी गेली. नीलेशची आई सुलोचनाबाई टोपली रिकामी परत पाठवत नसे. कधी तिळाचे लाडू, कधी पापड. मधुकररावांची चक्कर ठरलेली. आणि गल्लीच्या टोकापर्यंतच्या ज्या चकरेला सुरुवातीला पाच मिनिटं लागत, तिला माघ महिन्यात अर्धा तास लागायला लागला, कारण ते समजूतदार माणूस आहेत. 'पुरे' मात्र कोणी म्हणेना.

सतराव्या गुरुवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ऊन तापायला लागलं होतं. आचलनं टोपली ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"वांगे सरले आता," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आमच्याकडं भाजी कमी राह्यते. पुरे म्हणा ना एकदा."

"म्हटलं तं काय होईन?"

"मी येणं बंद करीन."

"मंग नाई म्हणत."

"असं काऊन? जलमभर टोपली आणू काय मी हिंगणीहून?"

नीलेशनं टोपलीतली एक मेथीची जुडी उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली. "आणू नको..." पहिल्यांदा तो तिला 'अहो-जाहो' करायचं विसरला. "इकडंच राह्य."

शटरच्या खालून ऊन आचलच्या पायांवर पडलं होतं, ते ती बघत राहिली.

"ब्रेक नाई लागत हं माह्याले पण," ती शेवटी म्हणाली.

"पाहुणा पाहून लागते म्हणे."

"पाहुणा नाई राह्यला तं?"

"तं नको लागू दे."

तेवढ्यात लांबून लुनाचा हॉर्न ऐकू आला. मधुकरराव परत येत होते. त्या दिवशी त्यांनी आणखी एक चक्कर मारली.

"तर अशी ही लुना," मी मांडवात सांगून संपवलं. "उद्या नवरी जाईन गाडीत, अन् लुना इथंच राहीन, वच्छलाची वच्छलाजवळ. मधुकरराव चक्कर मारायले व्याह्याच्या घरी येत जातीन. सौदा मोडला, पण कोणाचंच गेलं नाई."

प्रभाकररावांनी उपरण्यानं डोळे टिपले. ऊन होतं म्हणा. "एका ओल्या बोटाची करामत," ते म्हणाले. "पण बापूराव, पोरगी ओल्या हातानं फोन घेते कशाले? खरंच असं झालं काय?"

"खरं म्हणजे खरं. गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वेळेसकट सांगून राह्यलो, अजून काय पायजे?"

पाटावर आचलनं हळद चोळणाऱ्या बायकांचे हात बाजूला केले. तोंड सगळं पिवळं, दिसत होते फक्त डोळे.

"आबा," ती म्हणाली, "उत्तराखालची वेळ तं मी त्याच दिवशी वाचली होती. सात दहाले मी वावरात वांगे तोडून राह्यली होती. अन् फोन तुमच्या हातात होता."