बांधाखालची हजेरी

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. तुम्ही नाही तर तुमच्या खुर्चीत आधी बसलेल्यानं. शिवाजीच्या नावापुढं ‘सदर इसम गाव सोडून गेला’ असं लिहून खाली सही ठोकली आणि फाईल बांधून टाकली. त्याआधी अकरा माणसांबद्दलही हेच लिहिलं होतं, ‘काम सोडून गेले’. तुमच्या कचेरीत माणूस मरतच नाही, नुसता कुठंतरी जातो. कुठं जातो, ते संपतनं डोळ्यांनी पाहिलंय. ऐका.

तीर्थपुरीपासून दोन कोसांवर दुष्काळात खोदलेला पाझर तलाव आहे. बहात्तर साली सगळ्या शिवाराची माणसं त्या कामावर खपली. संपत आणि शिवाजी एकाच वस्तीतले, एका वयाचे, एकाच टोळीत. शिवाजी कुदळ मारायचा, संपत पाटी उचलायचा. पण संपतला मॅट्रिक व्हायचं होतं. आठवड्यातनं दोनदा तो परतूरला शिकवणीला पळायचा. त्या दिवशी मुकादम साहेबरावानं हजेरीपटावरचं नाव पुकारलं की शिवाजीच आवाज बदलून ओरडायचा, “हाजिर!” संपतच्या वाटची मातीही तोच टाकायचा. साहेबराव डोळेझाक करायचा. खड्डा खोल झाल्याशी त्याला मतलब.

अशाच एका दिवशी दरड कोसळली. शिवाजी घागर घेऊन विहिरीवर गेला होता म्हणून वाचला. संपत परतूरला होता म्हणून वाचला. टोळीतले बाकी अकरा जण मातीखाली. ती माती उपसायची सोडून तुमच्या माणसांनी तिच्यावरच बांध चढवला.

पुढच्या साली पाऊस झाला. आसपासची तळी भरली. या तळ्यात मात्र सकाळी आलेलं पाणी दिवस मावळायच्या आत नाहीसं व्हायचं. पाझर तलावच तो, पाझरणारच, असं म्हणून ओव्हरसियर हसला.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात जयंतीनिमित्त त्याच कोरड्या तळ्यात कव्वालीचा मुकाबला ठरला. तिन्ही अंगांनी उतार, समोर बांध. पाच हजार माणूस सहज मावावं अशी जागा. लांबच्यांना उजेडी घरी पोचता यावं म्हणून चारलाच सुरुवात झाली.

असला जलसा संपतनं पुन्हा जन्मात ऐकला नाही. निळे झेंडे, पांढऱ्या लुगड्यांच्या रांगाच्या रांगा, गाड्यांच्या जूवर उभी राहिलेली माणसं. झाडाझाडाला बांधलेले कर्णे. एक पार्टी नांदेडची, एक जालन्याची. नांदेडच्या बाईनं कानावर हात ठेवून पहिली तान घेतली आणि उतारावरची रडकी लेकरंसुद्धा गप झाली. मग ढोलकी, मग बेंजो, मग पाच हजार टाळ्या. प्रत्येक ओळ बांधावर आपटून माघारी यायची. सगळं गाणं दोनदा ऐकू येत होतं.

“आवाज बघ कसा परत येऊन राह्यला,” शिवाजी म्हणाला.

“तूच बांधलाय ना बांध. मंग तुझंच घुमणार.”

“तुझ्या वाटचा पण मीच बांधलाय, मास्तर. इसरू नको.”

दोघं हसले. शिवाजीनं गुळाचा खडा दातानं फोडून अर्धा संपतला दिला.

तिसऱ्या गाण्याला संपतच्या ध्यानात आलं की बांधाकडून येणाऱ्या टाळ्या उशिरा येत नाहीयेत. बराबर तालावर येतायत. चौथ्या गाण्याला त्या आधी यायला लागल्या. लोक हात उचलायचे, तोवर टाळी वाजून गेलेली असायची. ढोलकीवाला दोनदा चुकला. त्यानं मागं वळून बांधाकडं पाहिलं आणि ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

चहासाठी गाणं थांबलं. बांधाकडचं थांबलं नाही. टाळ्या हळूहळू बदलत गेल्या, आणि कुदळी पडल्यासारखा आवाज यायला लागला. बुडाखालची माती थरथरत होती. मग साहेबरावाच्या आवाजात एकेक नाव यायला लागलं.

साहेबराव पुढच्याच रांगेत बसला होता. तोंडात तंबाखू, ओठ मिटलेले. कपाळावरून घाम गळत होता.

अकरा नावं झाली. प्रत्येक नावाला खालून, मातीतनं, “हाजिर” आलं. भोवतालची माणसं चहा फुंकून पीत होती. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

“संपत रामकिसन!”

संपतनं चहाची बशी खाली ठेवली. आणि शेजारी शिवाजी, कामावरच्या जुन्या सवयीनं, विचार न करता, आवाज बदलून ओरडला, “हाजिर!”

कुदळी थांबल्या.

साहेबराव उठला आणि चप्पल सोडून पळाला. पुन्हा गाणं उभं राहिलंच नाही. ढोलकीवाला हात लावेना. लोक कुरकुरत गाड्या जुंपायला लागले. हे दोघं वस्तीच्या वाटेनं बांधावर चढले. संपत वर पोचला, वळून पाहिलं. शिवाजी अर्ध्यावरच होता.

“वर ये की जल्दी.”

“चढून तर राह्यलो.”

चढत होता. पाय पडत होते, माती सरकत होती, आणि तो होता तिथंच होता. संपत खाली उतरला, त्याच्या बगलेत हात घालून ओढायला लागला. संपतचा पाय पुढं पडायचा, शिवाजीचा नाही. दुसऱ्या उतारावरून चढून पाहिलं, तिसऱ्यावरून पाहिलं. शेवटची गाडी निघून गेली. दिवस टेकला.

“आपल्या अंगात दम न्हाई राह्यला रे,” शिवाजी म्हणाला. “मायला सांग, येतो म्हणावं.”

“गप. मी माणसं आणतो.”

तेवढ्यात पुन्हा आलं. या वेळी अगदी जवळून, पायाखालून.

“संपत रामकिसन!”

संपतला कळत होतं. एक शब्द बोलायचा होता. नाव त्याचं होतं, पाळी त्याची होती.

त्याचं तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

शिवाजीनं त्याच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. शिकवणीला निघालेल्या संपतकडं तो असाच पाहायचा.

“हाजिर,” शिवाजी म्हणाला. या वेळी स्वतःच्या आवाजात.

मग तो वाकला, आणि पाटी उचलल्यासारखे हात डोक्यावर घेऊन तळ्याच्या मधोमध चालत गेला. सूर्य बुडाला. तळ्यात कोणी नव्हतं.

संपत खरंच मास्तर झाला, निवृत्तही झाला. शिवाजीची माय गिरिजाबाई मरेपर्यंत दोन माणसांच्या भाकरी थापत राहिली. दर जयंतीला संपत त्या तळ्यात उतरतो आणि घसा फोडून ओरडतो, “मी संपत! मी हाजिर!” त्याचं नाव आता कोणी पुकारत नाही.

साहेब, तुमच्याच कागदावर तो बांध बावीस फूट आहे. त्र्याहत्तरपासून काम बंद, हेही तुमच्याच कागदावर. गेल्या महिन्यात संपतनं टेप लावून मोजला. एक्केचाळीस भरला. माथ्यावरची माती ओली होती, आणि नुकत्याच ओतलेल्या पाटीसारखी हळूहळू खाली घरंगळत होती.

तिथं कोण खपतंय ते विचारत नाही. ते तुम्हालाही ठाऊक आहे. एवढंच लेखी सांगा, त्याला सुट्टी कधी?