तळाची काच

"साधी काच फुटली की सुरीसारखे धारदार तुकडे होतात. मग हिची खडीसाखर कशी झाली?"

दहा वर्षांच्या अरुंधतीने सुपलीतले काचेचे खडे आजोबांसमोर धरले. केळुसकर आजोबांनी छत्तीस वर्षे तंत्रनिकेतनात काचकाम शिकवले होते. त्यांनी एक खडा उचलून उजेडात धरला.

सन २०६८चा तो उन्हाळा. घरामागचा ओढा आटला, तेव्हा अरूने शेवटच्या डबक्यातून अकरा मुरे वाचवून आणले. हे बोटाएवढे मासे वाहत्या पाण्यातच जगतात. म्हणून घरातल्या काचेच्या टाकीच्या तळाला भोक पाडायचे, पाणी खालच्या पिंपात सोडायचे आणि पंपाने पुन्हा वर चढवायचे, असे ठरले. मुरे बादलीत वाट पाहत होते.

त्याच दिवशी सकाळी आजोबांनी टाकीची समोरची काच तपासली आणि यंत्रमानव गिरमिटला ड्रिल लावायला सांगितले.

"तळाची काच तपासलेली नाही," गिरमिट म्हणाला.

"अरे, एका टाकीच्या काचा एकाच जातीच्या असतात. तू काल जन्मलास, मला शिकवतोस?"

अरूही हसली होती. "गिरमिट घाबरट!" असे तीच म्हणाली होती. ड्रिल टेकले, ते गार ठेवायला पाण्याची धार सुरू झाली आणि क्षणात सारा तळ खाली कोसळला.

"आजोबा, सांगा ना."

"ती कडक केलेली काच होती," आजोबा हळूहळू बोलू लागले. "काच लालभडक तापवून तिच्यावर एकदम गार वारा सोडतात. पृष्ठभाग आधी थिजतो. आतला भाग मागाहून थंड होतो आणि आकसू पाहतो. त्यामुळे बाहेरचा थर दाबला जातो (संपीडन), आतला ताणला जातो (ताण). रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच जोराने ओढतात, तेव्हा दोर जागचा हलत नाही. तोच मध्ये कापला तर?"

"सगळे धाडकन पडतात."

"ड्रिलने बाहेरचा थर भेदला. साठलेला जोर एका दमात सुटला, भेगा सगळीकडे धावल्या आणि हे खडे झाले. तळाला वजन पेलावे लागते, म्हणून कित्येकदा फक्त तळच असा घेतात. हे मला ठाऊक होते, अरू. ठाऊक असून पाहिले नाही."

"मग ओळखायचे कसे?"

आजोबांनी टॅबलेटचा पांढरा पडदा सुरू केला आणि तिच्या डोळ्यांवर आपला उन्हाचा गॉगल चढवला. पडद्याचा प्रकाश ध्रुवीकृत (ज्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात असा) असतो. तो गॉगलही एकाच दिशेच्या लहरी आत सोडत होता. टॅबलेट हळूहळू फिरवला, तसा एका कोनात पडदा काळा दिसू लागला. मध्ये टाकीची बाजूची काच धरली. पडदा काळाच राहिला. मग चहाच्या टेबलाची कडक केलेली काच धरली. तिच्यात फिकट उजळ डाग उमटले.

"ताण प्रकाशाच्या लहरींची दिशा बदलतो, म्हणून तो दिसतो," आजोबा म्हणाले.

"एवढेसेच काम होते?"

"एवढेसेच."

दुसरी टाकी नव्हती. बाजूच्या काचा शाबूत होत्या. नवा तळ चिकटवून सिलिकॉन पक्का सुकायला सहा दिवस लागले. बादलीत हवेचा पंप फुसफुसत होता, पण पाणी वाहत नव्हते. अरू रोज मोजायची. दहा. नऊ. सात. शेवटच्या दिवशी चार उरले. तिने आजोबांना दोष दिला नाही; त्यांच्याशी बोललीच नाही.

सातव्या दिवशी आजोबांनी गॉगल तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे सरले. तिने टॅबलेट तळाखाली सरकवला, चारही कोपरे पाहिले. सगळीकडे काळोख.

"गिरमिट, तळ तपासला," ती म्हणाली. मग थांबून पुटपुटली, "त्या दिवशी तुझे बरोबर होते."

"पुन्हा तपासू का?" गिरमिटने विचारले.

उत्तर आजोबांनी दिले, "तपास बाबा. मी थांबतो."

संध्याकाळी भोकातून पाणी खळाळत उतरले. चार मुरे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर झाले. त्यांतल्या एका मादीचे पोट फुगीर होते. अरूने काचेला नाक लावले.

"अंडी असतील?" तिने सात दिवसांत पहिल्यांदा आजोबांना विचारले.

"असतील," आजोबा म्हणाले आणि लगेच स्वतःला सावरले. "नक्की ठाऊक नाही. पाहूया."