केलीच्या पाटीवरची ब्रिजेट

आखातातल्या अल क्वोज भागातल्या आपल्या फर्निचरच्या कारखान्यात ओवेन केलीने जहूरला सगळ्या कामगारांदेखत चोर म्हटलं. उद्या व्हिसा कॅन्सल, खलास, असंही सुनावलं. जहूरची बायको हाफिजा तडक आभा देवस्थळीच्या दारात आली. चौकशीची कामं घेणारी आभा आणि तिचा मदतनीस गुणवंत लगेच निघाले.

केलीने त्यांना बसाही म्हटलं नाही. केबिनमधली, पूर्वजांची नावं कोरलेली घराण्याची चांदीची पाटी कुणीतरी पळवून तिथे मुलामा दिलेली पितळी नक्कल लावली होती. पाटी पुसायचा जहूर, कोरीवकामही येत होतं जहूरलाच. केलीला एवढं पुरे होतं.

आभाने आडनावाबद्दल विचारलं तेव्हा मात्र तो बोलता झाला. क्यालाख नावाच्या पुरुषाचे वंशज ते केली. पण असे क्यालाख आयर्लंडात ठिकठिकाणी होऊन गेले, त्यामुळे सगळे केली एका रक्ताचे नव्हेत. दुष्काळात ते अमेरिका, ऑस्ट्रेलियात पांगले. आता त्यांचे पणतू मुळं शोधत फिरतात आणि जुनं काही दिसलं की मागाल तेवढे पैसे मोजतात.

"आमच्या गावी बाईच्या थडग्यावरही तिचं माहेरचंच आडनाव असतं," तो गुरगुरला. "आडनाव ही सोडायची गोष्ट नाही."

मूळ पाटीचा फोटो त्याने कधीतरी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. फ्लॅशच्या चकाकीत शेवटच्या ओळीचं टोक गेलं होतं, 'थॉमसची पत्नी ब्रिजेट' एवढंच उरलं होतं. नकलेवर मात्र ती ओळ पूर्ण होती: थॉमसची पत्नी ब्रिजेट थॉमस केली. गुणवंतला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

केबिनच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. आभाने तिघांना एकच प्रश्न केला: घरातल्या बाईचं पूर्ण नाव काय?

जहूर मान वर न करता म्हणाला, हाफिजा जहूर, बस. कैरोची अकाउंटंट दुआ फणकारली, की ती दुआ महमूद फहमी. वडील, मग आजोबा. लग्नाने नाव बदलत नाही, आणि याचा इथे संबंध काय?

मॅनेजर अंकुर हसला. "सुजाता अंकुर बेंद्रे. रेशनकार्ड काढताय का, मॅडम?"

आभाने सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. पूर्वरंग संपल्यावर बुवा उपरणं सावरत थांबतात, तशी ती क्षणभर थांबली. मग केलीला म्हणाली, "शेवटची ओळ वाचा."

केलीने वाचली. "ब्रिजेट डेली होती ती. हे थॉमस केली मध्येच कुठून आलं?"

"चोराने फोटोवरून नक्कल करवून घेतली. जे दिसलं नाही ते आपल्या घरच्या रीतीने भरलं. मूळ पाटी बघायचीही गरज त्याला वाटली नाही. जहूरच्या हातून 'ब्रिजेट थॉमस' एवढंच झालं असतं. दुआने तिच्या वडिलांचं नाव शोधलं असतं. मध्ये नवऱ्याचं नाव, शेवटी त्याचंच आडनाव, ही रीत आपली, अंकुर. मला ती ओळ घरच्यासारखी वाटली. आयरिश पाटी मला घरच्यासारखी का वाटावी?"

गुणवंत कसनुसा झाला.

अंकुरने केलीकडे रोखून पाहिलं. "एक ऑस्ट्रेलियन केली आला होता. त्याला पूर्वज हवे होते, मी दिले. तुम्ही इथे नुसते भिंतीला टांगून ठेवले होते."

केली जहूरकडे वळला. म्हणाला, व्हिसा राहील, उद्यापासून कामावर ये.

जहूर जागचा हलला नाही. "चोर सगळ्यांसमोर म्हणालात, साहेब. हेही सगळ्यांसमोर म्हणा."

केलीचा चेहरा लालबुंद झाला. दुआने दार उघडून धरलं. तो बाहेर कारखान्यात गेला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून घरघरणारी पहिली करवत त्याने स्वतः बंद केली.