गव्हातली रेघ

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो बांधावर होता आणि त्याचं ड्रोन मी वाळत घातलेल्या चादरीत. मी ते चिडून ओढून काढत होते, तेवढ्यात तो धापा टाकत आला.

"ओढू नका... पंखा तुटेल."

"आणि माझी चादर?"

"चादर... चांगली आहे," म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. अशा माणसावर कोण किती वेळ चिडणार?

बाबांनी त्याला एका हंगामापुरतं, तेही नाखुशीनं बोलावलं होतं. वरून फोटो काढायचे आणि पीक कुठे सुकतंय, जमीन कुठे घट्ट झालीय ते सांगायचं, हे त्याचं काम. बाबा त्याला 'पायलट' म्हणत. "शेत पायांनी कळतं, पायलट," असं येता-जाता ऐकवत.

ड्रोनची घरघर कानावर आली की माझा पाय घरात ठरत नसे. बांधावरून जायचं तर मोठा वळसा, तोवर ड्रोन उतरायचं. म्हणून मी सरळ गव्हात घुसायची. एरवी गव्हात कुणी पाऊल टाकलं तर सगळ्यात जास्त आरडाओरडा माझाच.

"काल तर उडवलं होतंत," मी म्हणायची.

"काल वारा होता... फोटो हलले."

"आणि परवा?"

"परवा तुम्ही लवकर गेलात."

एवढं बोलून तो जो वर बघायचा, तो ड्रोन खाली उतरलं तरी वरच बघत राहायचा.

हंगाम संपत आला. ड्रोननं काही वेगळं दाखवलं तरच त्याला पुढच्या वर्षी बोलवायचं, नाहीतर नमस्कार, असं बाबांनी ठरवून टाकलं. शेवटचा नकाशा घेऊन तो आमच्या टेबलाशी बसला.

पडद्यावर हिरवंगार शेत, आणि मधून एक पिवळी रेघ... आमच्या मागच्या दारापासून निघालेली, थेट तो उभा राहायचा त्या कोपऱ्यापर्यंत.

"हे काय?" बाबांनी चष्मा पुसला.

"जमीन दबलीय. रोज काहीतरी जातंय तिथून." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "जनावर असेल."

"डुकराची वाट मला बांधावरूनही दिसली असती. त्यासाठी यंत्र कशाला?"

त्याला सगळं ठाऊक होतं. मला वाचवायला तो आपलं काम हातचं घालवत होता. तो मला आवडत होता, फार आवडत होता, आणि आता गप्प बसले तर तो जाणार होता.

"डुक्कर नाही, बाबा," मी म्हणाले. "मीच आहे."

बाबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, दारापासून कोपऱ्यापर्यंत. मग त्याच्याकडे वळले.

"पायलट, तुला हे कधीपासून दिसतंय?"

"आधी फार पुसट होतं..." त्याचा आवाज चाचरला. "गडद होतंय का, ते बघायला येत राहिलो. खरं तर एवढ्या शेताला इतक्या फेऱ्या लागत नाहीत."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इतकी दबलेली जमीन काही पिकायची नाही. पुढच्या पेरणीला तेवढी पट्टी मोकळी सोडू," ते म्हणाले. "आणि तूही येताना त्याच वाटेनं ये. बांधावरून वळसा पडतो."