खिंडीच्या तोंडाशी बंद पडलेलं इंजिन

दुपारच्या आत पठार गाठायचं आणि पाय मोडून तंबूत तापाने फणफणलेल्या नवऱ्याला विमानात घालून आणायचं, एवढ्यासाठी वहिनी आपलं छोटं विमान घेऊन निघाली होती. दुपारनंतर वादळ खिंड बंद करणार होतं. मग आठ दिवस तिकडे पाखरूही फिरकणार नव्हतं.

शेजारी धाकटा दीर. त्याच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालूच. "दादाला एकट्याला जाऊ दिलं कुणी? तुम्हीच." पिंपातलं पेट्रोल टाक्यांत त्यानेच ओतलं होतं, गाळणी न लावता. वहिनी एरवी उड्डाणाआधी टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी आहे का, ते बघायची. आज त्याच्या कटकटीने डोकं फिरलं आणि ते राहिलं.

खिंडीच्या तोंडाशी इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग गप्प!

खाली काळे कडे आ वासून उभे. वारा विमानाला थपडा मारत होता. नदीच्या पात्रात दगडगोट्यांचा एक चिंचोळा पट्टा दिसला. तिने देवाचं नाव घेतलं आणि विमानाचं नाक खाली केलं. चाकं आपटली, उडाली, पुन्हा आपटली. पाण्यापासून दोन हातांवर विमान थांबलं!

उतरून तिने पंखाखाली नळी भरली. दिराने ती हिसकावली.

"स्वच्छ आहे की. पाण्याचा थेंब नाही. तुम्हालाच विमान झेपत नाही."

तिने वास घेतला. वासच नव्हता. "भावोजी, विमानाचं पेट्रोल निळं असतं. हे सगळं पाणीच आहे."

तो वरमला. "पिंप मी ओतलं."

"आणि मी बघितलं नाही."

अकरा नळ्या पाणी निघालं, तेव्हा कुठे निळं पेट्रोल आलं. मग दुसरा पंख. मग ती नाकापासून शेपटीपर्यंत एकेक भाग चाचपू लागली.

"दादा तिकडे मरतोय आणि तुम्ही प्रदक्षिणा घालताय?"

शेपटीच्या सुकाणूच्या बिजागरीत एक गोटा अडकला होता. तिने तो उपटून त्याच्या हातावर ठेवला.

पट्टा पावलांनी मोजला. भरल्या टाक्यांनी दोघांना घेऊन उडायला तो पुरेना. दिराने आपली पिशवी विमानातून काढली.

"दादाला आधी पोचवा. आणि मी उतरलो म्हणजे तुम्हाला माफ केलं, असं समजू नका."

"नाही समजत. संध्याकाळी टाक्या हलक्या ठेवून येते."

पट्टा संपता संपता चाकं जमिनीवरून सुटली!

ढग खिंड मिटवत होते, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन त्यांच्या पोटाखालून निसटली. सूर्य बुडायच्या आत पुन्हा त्या पट्ट्यावर उतरली. दीर थंडीने काकडत उभा होता.

"दादा?"

"दवाखान्यात पोचवलं. शुद्धीवर आलाय. तुमच्या नावाने ओरडतोय."

"मग एवढा उशीर कशाला केलात?" म्हणत तो विमानात चढला.