हूड चालू आहे

त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'आठशे' म्हणत. त्याच्या ताब्यातली भट्टी आठशे अंशांवर चाले आणि तो स्वतःही साधारण तिथेच असे. फरक एवढाच, की भट्टी तापायला चार तास घेई.

भट्टीच्या पोटात एक चकती बसवलेली असे. सिरॅमिकची, कोटाच्या बटणाएवढी. तिच्या एका अंगाला काळा लेप, दुसऱ्या अंगाला हिरवा. हिरव्या बाजूने हायड्रोजन सोडला आणि काळ्या बाजूने हवा, की चकती वीज देई आणि वाफ सोडी. उलट तिला वाफ आणि वीज दिली, की हायड्रोजन परत करी. घेणं आणि देणं दोन्ही जमणारी संस्थेतली ही एकच वस्तू. बाकीच्यांना घेणं तेवढं जमे.

लेप बनवण्याचं काम भाऊजींचं, म्हणजे आठशेच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. बावीस वर्षं ते निकेल ऑक्साइडची हिरवी पूड तोलत आणि घोटत आले होते. पूड इतकी बारीक, की नाकात गेलेली नाकालाही कळू नये. म्हणून ती हवा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात हाताळायची असा नियम होता. त्या कपाटाला सगळे हूड म्हणत. अकरा महिन्यांपूर्वी हूडचा पंखा बंद पडला. कचेरीने त्याच दिवशी 'दुरुस्तीचे काम चालू आहे' अशी पाटी आणून लावली. पाटी लॅमिनेट केलेली होती, त्यावरून आठशेने काय ते ओळखायला हवं होतं.

भाऊजी नाकाला रुमाल बांधून काम करत राहिले. मग खोकला लागला. नेहमी दोनदाच खोकत, लागोपाठ, आणि मग दारात कुणी आल्यासारखे थांबत. पंधरा दिवसांपूर्वी ते गेले.

पंखा अकरा महिन्यांत दुरुस्त न करणाऱ्या संस्थेने चौकशी मात्र चार दिवसांत उरकली. अहवाल असा: हूड अखंड चालू होता, कर्मचाऱ्यास सिगारेटचे जुने व्यसन होते.

"अरे, शेजाऱ्याने गॅलरीत सिगारेट पेटवली तर हा माणूस उठून खिडकी लावून घ्यायचा," ताई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून आठशेला जास्त भीती वाटली. "जिवंतपणी ओढली नाही, ती यांनी मेल्यावर ओढायला लावली. मला दुसरं काही नको. तेवढं एक वाक्य खोडून आण."

अहवालावर फक्त एक सही व्हायची होती. हूडची नोंदवही ठेवणाऱ्याची, म्हणजे आठशेचीच. तो सही करणार नव्हता. हे त्याने ताईला छातीठोकपणे सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही.

नोंदवहीत रोज सकाळी पंखा बघून 'चालू' या रकान्यात खूण करायची असे. आता रोज कोण उठून बघणार? आठशे पहिल्या तारखेलाच चहा पिता पिता महिनाभराच्या खुणा एका दमात करून टाकी. सगळेच तसं करत. अग्निशामक नळकांड्यांची, पाण्याच्या टाकीची, सगळ्या वह्या पहिल्या तारखेलाच तीस तारखेला पोचलेल्या असत. त्यामुळे पंखा बंद पडल्यावरही अकरा महिने तो वहीत व्यवस्थित फिरत होता. आठशेच्या अक्षरात.

पुढच्या सोमवारी सकाळी मोजणीच्या बाईंनी त्याला हाक मारली. या बाई दिवसभर संगणकापुढे बसून चकतीच्या विजेचा दाब मोजत आणि आकड्याखेरीज कशावर विश्वास ठेवत नसत.

"आठशे, बबलरला काय केलंत तुम्ही?"

बबलर म्हणजे पाण्याची बाटली. चकतीवरून गेलेला वायू शेवटी एका नळीने तिच्यात येई आणि बुडबुडे होऊन बाहेर पडे. बुडबुडे एकसारखे आले की सगळं ठीक. आज ते सहा-सात येत होते आणि थांबत होते. पुन्हा सहा-सात, पुन्हा थांबणं.

"सिलिंडर संपत आला असेल," आठशे म्हणाला आणि झडप बंद केली.

बुडबुडे येत राहिले.

"गळती," बाई म्हणाल्या. दोघांनी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. गळती नव्हती. बाईंनी पडद्याकडे बोट केलं. रेघ चढत होती, उतरत होती, शांतपणे, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. हे मात्र बाई म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एकदा घेतेय, एकदा सोडतेय. दोन्ही दिशांनी. आपण काहीच देत नसताना."

"कुठली चकती आहे ही?"

बाईंनी यादी पाहिली, मग पुन्हा पाहिली. "तुमच्या भाऊजींच्या हातची शेवटची."

तेवढ्यात बाटलीत दोन बुडबुडे लागोपाठ फुटले. आणि मग दारात कुणी आल्यासारखं सगळं थांबलं.

बाईंनी पर्स उचलली. "मी जेवून येते," त्या म्हणाल्या. सकाळचे दहा वाजले होते.

आठशेने भट्टी बंद केली. थंड चकती म्हणजे बशीचा तुकडा. तिच्यातून काही जात नाही, येत नाही. दुपारी भट्टीचा काटा खोलीच्या तापमानावर आला. बाटली आपली चालूच होती. सहा-सात, थांबणं. मधूनच दोन. आठशेला भीती वाटायला हवी होती, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मेलेल्या माणसालासुद्धा इथे येऊन खोकावं लागतंय, तेही बिनपगारी.

चार वाजता संचालक अहवाल घेऊन स्वतः आले. संचालक कधी रागावत नसत. रागावण्यासाठी त्यांनी माणसं ठेवली होती.

"एवढी सही राहिलीय तुमची."

"हूड बंद होता, साहेब."

"असं?" संचालकांनी टेबलावरची नोंदवही उघडली आणि पानांवरून मायेने बोट फिरवलं. "ही चालूची खूण. ही चालूची. अकरा महिने. अक्षर कुणाचं हो हे, छान आहे."

आठशेने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"बंद होता म्हणालात, तर रुमाल बांधून बसलेल्या माणसासमोर रोज खोटं कोण लिहीत होतं? बहिणीला काय सांगाल? त्यापेक्षा सिगारेट बरी. सिगारेट काही कोर्टात जात नाही." ते स्वतःच्या विनोदावर थोडं हसले आणि बाटलीकडे वळले. "अरे वा. हे अजून चालू?"

ते वाकले.

बुडबुडे थांबले. नळीतलं पाणी वर चढू लागलं. एक बोट, दोन बोटं. कुणीतरी नळीच्या त्या टोकाने सावकाश ओढून घेत असावं तसं. वर जाऊन पाणी थांबलं आणि खाली आलंच नाही.

संचालक सरळ झाले. त्यांनी टायची गाठ सैल केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

"खिडकी," ते कसंबसं म्हणाले.

"उघडीच आहे, साहेब."

संचालक भिंतीला धरत बाहेर गेले. अहवाल टेबलावरच राहिला. दार लागलं, तसं पाणी एकदम खाली आलं आणि बाटलीत मोठा बुडबुडा फुटला.

आठशेने लाल पेन घेतलं. पहिल्या महिन्याची पहिली खूण खोडली आणि शेजारी लिहिलं: बंद. खाली सही. मग दुसरी. अकरा महिन्यांच्या खुणा एका बैठकीत केल्या नव्हत्या, पण खोडल्या एका बैठकीत. शेवटच्या 'बंद'ला बाटली शांत झाली. त्याने चकती काढली, डबीत घातली, नळ्या सोडवल्या, बाटली धुऊन फळीवर पालथी घातली आणि वही काखेत मारून ताईकडे गेला.

ताईने वही दिव्याखाली धरली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

"लाल तू केलंस, ते कळलं. खालच्या निळ्या खुणा कुणाच्या?"

"माझ्याच."

तिने पानं उलटून शेवटची खूण पाहिली.

"अकरा महिने रविवारी इथे जेवायला येत होतास," ती म्हणाली. "तो तुझ्या शेजारी बसून खोकत होता."

"ताई—"

"वही ठेव. कामगार निरीक्षकाकडे उद्या मीच नेते. तू जा."

दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठशे सगळ्यांच्या आधी पोचला. डबीत चकती होती. भट्टी गार होती.

फळीवरची बाटली पालथी नव्हती. सरळ होती आणि पाण्याने भरलेली होती. तिच्यातून निघालेल्या नळीचं दुसरं टोक टेबलावर मोकळं पडलं होतं, कशालाही न जोडलेलं.

सहा-सात बुडबुडे आले. थांबले.

हा भाऊजींचा ठेका नव्हता. हा जलद होता. जिना चढून आलेल्या माणसाचा.

आठशेने श्वास रोखला.

बुडबुडे आले नाहीत.

त्याने श्वास सोडला. ते आले.

मग लागोपाठ दोन, आणि थांबणं.

आठशे खोकला नव्हता. त्याने घसा चाचपून पाहिला. कुठे खवखवही नव्हती. तो तसाच उभा राहिला, वाट बघत.

नंतर खवखव आली.