एका घराचं एकच गाठोडं

त्या यंत्रमानवाला कुणी वळणच लावलं नव्हतं, असं सगुणाक्कांचं स्पष्ट मत होतं. वडीलधारं माणूस समोर आलं की आधी रामराम करावा, पाणी विचारावं. हा मात्र आक्का जरा सामानाच्या पेटीजवळ सरकल्या की छातीवरचा पिवळा दिवा लावायचा आणि एकाच सुरात म्हणायचा, "आपण प्रवासी नाही. कृपया बाजूला व्हा."

"बाजूला व्हा म्हणं!" आक्का नातीला म्हणाल्या. "ह्याला बाप असता तर धरून इचारलं असतं, पोराला हेच शिकवलंस का म्हणून."

एरवी ओजू खळखळून हसली असती. आज तिनं नुसती मान हलवली.

उड्डाणतळाच्या निरोपगृहात आज कुणीच हसत नव्हतं. काचेपलीकडे मुरमाड माळ पसरलेला, त्यावर झाड औषधालाही नाही, आणि वर राखेसारखं आभाळ. दिवस मावळता मावळता चांद्रयान निघणार होतं. ओजूचे बाबा, विराज, चंद्रावरच्या वसाहतीत मातीखालचा बर्फ शोधून त्याचं पाणी करणार होते. आई, सायली, तिथल्या मुलांना शिकवणार होती. आक्कांच्या काळजाला उड्डाणाचा हिसका सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. परत कधी यायचं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

एका कुटुंबाला एकच पेटी न्यायची परवानगी होती. आणि ती पेटी आत्ताच थरथर-चाचणीतून (उड्डाणात बसतात तसे हादरे आधीच देऊन बघणे) बाहेर आली होती. कुलूप शाबूत होतं. पण फटीतून तेल ठिबकत होतं.

सामानमित्रानं, म्हणजे त्या यंत्रमानवानं, पेटी उघडली. आत आक्कांची गोधडी होती, चार टोकांची गाठ मारून बांधलेली, आणि गोधडीच्या पोटात सगळं घर. त्यानं गाठ सोडली. माक्याच्या तेलाचा वास निरोपगृहभर पसरला.

"पेटी नामंजूर," सामानमित्र म्हणाला. "तेलकट कापड बंद यानात लवकर पेटतं. दार बंद होण्याआधी एक चाचणी आणखी घेता येईल. तीही फसली, तर सामान इथेच राहील."

सायलीनं डोळ्याला पदर लावला. बोल लावायला तिला जागा होती, हे आक्कांनाही ठाऊक होतं. कारण सायलीनं सामान आधी नीट लावलं होतं. चेन लावलेल्या लहान लहान चौकोनी थैल्या, ज्याची त्याची वेगळी. आक्कांनी ते पाहिलं मात्र, त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. चार जावांना त्यांनी एका चुलीवर नांदवलं होतं. दिरांनी वाटणीचं नाव काढलं, तेव्हा परातीत पीठ तसंच टाकून त्या उंबऱ्यात आडव्या बसल्या होत्या. आणि आता सून सदऱ्या-परकरांच्या वाटण्या करणार? "एका घराचं एकच गाठोडं!" असं म्हणून त्यांनी थैल्या उलट्या केल्या, गोधडी अंथरली आणि कपडे, पितळी तांब्या, ओजूच्या केसांसाठी काढलेल्या माक्याच्या तेलाची काचेची बाटली, सगळं एकत्र बांधलं. रिकाम्या थैल्या घरीच राहिल्या.

हादऱ्यांत तांब्यानं बाटलीला गाठलं. पुढचं सांगायला नको.

पण ओजूच्या मनात एक कोडं टोचत होतं. "बाटली तर टीचभर होती आणि खालच्या कोपऱ्यात होती. मग तेल वरच्या गाठीपर्यंत चढलं कसं? तेल तर खाली जातं ना?"

सामानमित्राचा पिवळा दिवा निळा झाला. प्रश्न विचारला की तो असा निळा व्हायचा. गोधडीच्या काठाला लोंबणारी एक चिंधी त्यानं कापली, तिचं टोक फरशीवर सांडलेल्या तेलात धरलं. "बघ."

तेल चिंधीतून हळूहळू वर चढू लागलं.

"ह्यात काय नवल?" आक्का म्हणाल्या. "समईतली वात अशीच तेल पिती. रोज संध्याकाळी बघते मी."

"बरोबर," सामानमित्र म्हणाला. "कापडाच्या धाग्यांमध्ये केसाहून बारीक पोकळ्या असतात. तेल धाग्यांना चिकटतं आणि त्या पोकळ्यांतून आपोआप पुढे सरकतं. याला केशाकर्षण (बारीक पोकळीत द्रव ओढला जाणे) म्हणतात. पृथ्वी तेलाला खाली ओढते, म्हणून ते ठरावीक उंचीलाच थांबतं. प्रवासात यानातल्या वस्तूंना वजन जाणवत नाही. तिथे त्याला थांबवायला कुणी नसतं. कापडाला कापड लागत गेलं की तेल जातच राहतं."

ओजूचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आक्काचं गाठोडं ही एक भली मोठी वात झाली!"

आक्कांना ते लागलं. आयुष्यभर जे एकत्र धरून ठेवलं, त्याची ही पोर वात म्हणते. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माळावर यानाची सावली लांबत चालली होती.

मागून ओजूचा बारीक आवाज आला. "आक्का, रागावणार नसशील तर एक दाखवू?"

तेलानं निथळणाऱ्या ढिगातून तिनं एक हिरवी थैली ओढून काढली. सायलीच्या थैल्यांपैकी एक. आक्कांची पाठ वळल्यावर ओजूनं ती गाठोड्यात लपवली होती. बाहेरून तेलानं माखलेली. चेन उघडली, तर आतून कोरडी ठणठणीत. आत आक्कांची सुईदोऱ्याची डबी होती.

"ही डबी मी सगळ्या घरात हुडकली," आक्का म्हणाल्या.

"तुझी काहीतरी वस्तू हवी होती मला तिकडे."

आक्कांनी डबी उघडून बंद केली, पुन्हा उघडली.

"थैलीच्या कापडाला तेल न शोषणारा मुलामा आहे," सामानमित्र सांगू लागला. "तिथे वात तुटली. मोठ्या जागेचे असे लहान, बंद भाग करण्याला कप्पेविभागणी म्हणतात. मोठ्या जहाजाच्या तळाशीही असे कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं, तरी बाकीचे जहाजाला तरंगत ठेवू शकतात. शिवाय यानात गाठोडं सोडलं तर सगळंच तरंगत सुटेल. थैली उघडली तर तेवढंच."

ओजूनं शिदोरीतलं संत्रं सोललं. डबीतली सुई घेऊन एका फोडीला टोचली. रस आला तो त्या एकाच फोडीतून. शेजारच्या फोडी कोरड्या राहिल्या.

आक्कांनी संत्र्याची साल उचलली. "फोडी येगळ्या," त्या पुटपुटल्या, "पर साल एकच."

मग त्या खाली बसल्या, गोधडी मांडीवर ओढली. त्यांच्या आईचं लुगडं, त्यांचा स्वतःचा शालू, सायलीची साडी, ओजूचं बाळपणीचं झबलं, सगळं टाक्याटाक्यानं जोडलेली गोधडी. निम्मी तेलानं काळी पडली होती. निम्मी कोरडी होती.

"कातर आण रं लोखंडा."

"आक्का, नको!" सायली पुढे झाली. "गोधडी कापू नका."

"तेलकट गोधडी हितंच पडंल आणि कुजंल. त्यापरीस आर्धी तरी जाऊ दे." आक्कांनी गोधडीचा तेलकट भाग बाजूला धरला. "ए लोखंडा, किती थैल्या लागत्यात?"

"ते प्रवासावर अवलंबून आहे. दोन दिवसांसाठी जाणारा दिवसांप्रमाणे थैल्या करतो. आजची, उद्याची. काम करायला वरचेवर ये-जा करणारा कामांप्रमाणे करतो. हत्यारांची वेगळी, कपड्यांची वेगळी. कायमचं जाणारं कुटुंब..." तो आक्कांकडे वळला. "माणसांप्रमाणे करतं. आणि सगळ्यांची मिळून एक, पहिल्या रात्रीची. ती सर्वांत वर. पोचल्यावर दमलेल्या माणसांना शोधाशोध करावी लागू नये."

"पहिल्या रातीची," आक्कांनी मान डोलावली. "हे मातुर माणसासारखं बोललास."

"पण केवळ गोधडीची थैली चालणार नाही. कापड पुन्हा वात होईल. आतून..."

"अस्तर लागंल! बिगरअस्तराची पिशवी शिवत न्हाईत, हे मला सांगतोस व्हय?"

सामानमित्रानं तेल न शोषणारा पातळ पडदा आणून दिला. विराजनं सरळ रेषेत कापलं, सायलीनं अस्तर जोडलं, आक्कांनी टाके घातले. ओजू सुईत दोरा ओवून देत होती. आक्कांची नजर आता तेवढी राहिली नव्हती. तेलानं माखलेले कपडे बाजूला पडले. जे कोरडं राहिलं, तेवढंच थैल्यांत गेलं. ते फार नव्हतं. तांब्याला आक्कांनी त्याची स्वतःची थैली दिली. "हा मेला कुणाशी धड नांदत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि सायलीला रडता रडता हसू फुटलं.

पेटी पुन्हा आत गेली. सगळे उभे राहिले. आत यंत्राची घरघर सुरू झाली, वाढली, थांबली. दारावर हिरवा दिवा लागला.

गोधडीचा एक लहान तुकडा उरला होता. आक्कांनी तो फेकला नाही. त्याचीही एक इवलीशी थैली झाली. ओजूनं खिशातून न्यायच्या डबीतली दोऱ्याची रिळं बाहेर काढली, प्रत्येक रंगाचा थोडा दोरा दातानं तोडला आणि त्या इवल्या थैलीत भरला.

"ही तुझ्याकडे ठेव. तिकडे लहान मुलं आहेत, आक्का. मी त्यांना वात करून दाखवीन, संत्रं टोचून दाखवीन. आणि दोरा संपला की तुझ्याकडे मागीन."

"संत्रं मिळतंय का तिकडं?"

"बाबा पाणी काढतील. मग लावू आम्ही."

आक्कांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताला अजून माक्याचं तेल होतं. तेवढं तरी केसांना लागलं.

मग दार उघडलं. विराज पाया पडला, सायली पडली. ओजू फक्त प्रवाशांनी ओलांडायच्या पांढऱ्या रेषेपलीकडे गेली आणि मागे बघत बघत दिसेनाशी झाली. निरोपगृहात तेलाचा वास तेवढा उरला.

आक्का रेषेच्या अगदी काठावर उभ्या होत्या. सामानमित्र जवळ आला. पिवळा दिवा लागला. "आपण प्रवासी..." तो म्हणाला आणि अडखळला. दिवा विझला. मग निळा लागला, जणू त्यालाच काही विचारायचं होतं.

आक्कांनी इवली थैली कमरेला खोचली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"कप्प्यांचं तू खरं सांगितलंस, लोखंडा. माझं चुकलं. पर तुझंबी चुकलं. उद्या दुसरी म्हातारी यील हितं. तिला बाजूला व्हा म्हणू नगंस. आधी तिच्या हातात सुई दे."